डिस्कस माशासाठी घरगुती मत्स्यपेटी : आधी पाणी, मग मासा

विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घेतल्याशिवाय द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग लावू नये, हे आता गावोगावच्या बागायतदारांना सांगावे लागत नाही. मात्र तोच बागायतदार घरात मत्स्यपेटी ठेवतो तेव्हा प्रथम मासे आणतो, नंतर पेटी घेतो आणि पाण्याचा विचार मासे मरू लागल्यावर करतो. गप्पी, मॉली यांसारखे काटक मासे अशा वागणुकीतही तग धरतात. डिस्कस मात्र धरत नाही. हा मासा महाग आहे, नाजूक आहे आणि पाण्यातील लहानसा दोषही तो सहन करीत नाही. म्हणूनच डिस्कस पाळण्याची तयारी म्हणजे मुख्यतः पाणी तयार करणे होय. या लेखात ही तयारी क्रमाने दिली आहे.

डिस्कसची ओळख

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मासा आहे. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. आपल्याकडील तळ्यांत आढळणारा तिलापिया आणि डिस्कस हे दोन्ही सिक्लिड या एकाच कुळातील. परंतु स्वभावाने अगदी वेगळे. तिलापिया मिळेल त्या पाण्यात वाढतो, तर डिस्कसचे मूळ पाणी उबदार, आम्लधर्मी आणि क्षार जवळजवळ नसलेले असते. पडलेली पाने व लाकूड कुजून ते चहाच्या रंगाचे झालेले असते.

या माशाचे शरीर थाळीसारखे गोल व चपटे असून पूर्ण वाढ झालेला मासा १५ ते २० सें.मी. भरतो. चांगली निगा राखल्यास तो दहा वर्षांपर्यंत जगतो. बाजारात मिळणारे टर्कॉइज, पिजन ब्लड, लेपर्ड इत्यादी प्रकार पेटीत पैदास केलेले असतात. ते जंगली माशांच्या मानाने सोशिक असतात, तरीही पाण्याबाबत त्यांच्या काही अटी कायम आहेत.

या माशाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की पोहू लागलेली पिल्ले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरील चिकट स्राव खाऊन वाढतात. नर आणि मादी दोघेही पिल्लांना आळीपाळीने अंगावर घेतात. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस हा छंद सहसा सोडत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मी घरी पहिली डिस्कस पेटी मांडली. पेटी नवी होती, गाळणी चांगली होती आणि बोअरचे पाणी काचेसारखे निवळ होते. दुसऱ्याच दिवशी सहा पिल्ले आणून सोडली. चौथ्या दिवशी ती काळवंडली, कोपऱ्यात एकत्र जमून जोरजोराने कल्ले हलवू लागली. रोग असावा असे समजून मी औषध टाकले. नवव्या दिवशी शेवटचे पिल्लू गेले.

त्या सत्रात मी वर्गात नत्राचे चक्र शिकवत होतो. युरियापासून अमोनिया, अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट ही साखळी मी फळ्यावर लिहीत होतो आणि घरच्या पेटीत तिचे पहिले पाऊल माशांना मारीत होते, हे माझ्या लक्षात आले नाही. मासे रोगाने मेले नव्हते, अमोनियाने मेले होते. ही चूक वाचकांनी पैसे देऊन शिकू नये, यासाठी ती येथे सांगितली.

पेटीतील नत्राचे चक्र

मासा खाद्य खातो आणि त्यातील प्रथिनांचा टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जमिनीत ज्याप्रमाणे जीवाणू अमोनियाचे नत्रीकरण करतात त्याचप्रमाणे पेटीतही होते. अमोनियाचे नायट्राइट होते. तेही विषारीच असते. नायट्राइटचे पुढे नायट्रेट होते. ते मात्र कमी प्रमाणात फारसे अपायकारक नसते आणि पाणी बदलून काढून टाकता येते. जमिनीच्या बाबतीत दुसऱ्या टप्प्यासाठी आपण नायट्रोबॅक्टर हे नाव शिकतो. मत्स्यपेटीत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटाचे जीवाणू करतात, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले आहे.

हे जीवाणू नव्या पेटीत नसल्यासारखेच असतात. ते सावकाश वाढतात आणि गाळणीच्या स्पंजवर, काचेवर, दगडांवर चिकटून राहतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी कितीही निवळ दिसले तरी ते तयार झाले असे समजू नये.

येथे सामूचा संबंध येतो. चुनखडीच्या जमिनीवर युरिया पसरून उघडा ठेवल्यास त्यातील नत्र अमोनिया वायूच्या रूपात उडून जातो, हे आपण जाणतो. कारण सामू वाढला की निरुपद्रवी अमोनियमचे अमोनियात रूपांतर होते. पेटीतही तेच घडते. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाल्यास एकूण अमोनियातील विषारी भाग सुमारे दहापट होतो. तापमान वाढल्यानेही तो वाढतो. डिस्कसला पाणी गरम लागते आणि आपल्या बोअरचे पाणी बहुधा विम्लधर्मी असते. म्हणून हा धोका आपल्याकडे दुहेरी आहे.

पेटीची निवड व मांडणी

डिस्कस हा कळपाने राहणारा मासा आहे. दोन-तीन मासे ठेवल्यास त्यांतील जोरकस मासा दुबळ्याला खाऊ देत नाही. सहा मासे असल्यास दांडगाई वाटली जाते. पूर्ण वाढलेल्या प्रत्येक माशास किमान ४० ते ५० लिटर पाणी धरावे.

सहा माशांसाठी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व २ फूट उंच पेटी घ्यावी. वरून तीन इंच मोकळे सोडल्यास तीत साडेदहा घनफूट, म्हणजे सुमारे ३०० लिटर पाणी बसते. काच १० ते १२ मि.मी. जाडीची असावी. पाणी, काच व घोडी मिळून वजन चार क्विंटलच्या आसपास जाते. त्यामुळे पेटी भिंतीलगत, पक्क्या व सपाट जमिनीवर, लोखंडी घोडीवर ठेवावी. पेटीखाली थर्माकोलचा पत्रा अंथरावा. पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नये. ज्या खोलीत कीटकनाशके, फवारणी पंप किंवा डासांची अगरबत्ती वापरली जाते तेथे पेटी ठेवू नये. फवारणी करून आलेल्या हाताने पेटीत काम करणे कटाक्षाने टाळावे.

नवशिक्याने तळाशी वाळू न घालता पेटी मोकळी ठेवावी. उरलेले खाद्य लगेच दिसते व काढता येते. सजावटीसाठी चांगले भिजवलेले लाकूड चालते. समुद्राची वाळू, शिंपले, प्रवाळ व संगमरवराचे तुकडे घालू नयेत. त्यांतील चुना विरघळून पाणी अधिक जड होते.

गाळणी, हवा व उष्णता

खेड्यातील पेटीसाठी हवेच्या पंपावर चालणारी स्पंज गाळणी सर्वांत सोयीची. ती स्वस्त आहे, जीवाणूंना भरपूर जागा देते आणि पाण्यात हवाही मिसळते. ३०० लिटरच्या पेटीत दोन मोठ्या स्पंज गाळण्या दोन टोकांना ठेवाव्यात. स्पंज धुताना पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यास जीवाणू मरतात. दोन्ही स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत.

तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवावे. यासाठी ३०० वॉटचा एक हीटर घेण्याऐवजी १५० वॉटचे दोन घ्यावेत. नाशिकसारख्या थंड भागात २०० वॉटचे दोन असावेत. एक बंद पडला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि एकाचा थर्मोस्टॅट अडकून तो सतत चालू राहिला तरी पाणी एकदम उकळत नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत. जोडणी अर्थिंग असलेली असावी व वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

वीज गेल्यावर काय करावयाचे याचा विचार आधीच करावा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवावा, म्हणजे नळीतून पाणी उलटे येत नाही. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप जवळ असावा. वीज नसताना खाद्य देऊ नये. २० अंश तापमानाच्या पाण्यात प्रति लिटर सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशाला तो साडेसात मि.ग्रॅ. इतकाच राहतो. त्यामुळे हवा बंद पडल्याचा त्रास डिस्कसच्या पेटीत लवकर जाणवतो. हिवाळ्यात वीज जास्त वेळ गेल्यास पेटीला गोधडी गुंडाळावी.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलट असते. पाणी ३२ अंशांच्या वर जाऊ लागल्यास झाकण काढून पृष्ठभागावर पंखा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. मात्र उडते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. पाण्याच्या अतिवापराने जमीन खारवते तसाच हा प्रकार आहे. म्हणून उडालेले पाणी भरून काढताना आर.ओ.चे किंवा पावसाचे पाणीच घालावे.

पाण्याची तपासणी व मिश्रण

ओलिताच्या पाण्याचा अहवाल आपल्याकडे असेल तर तो काढून पाहावा. नसेल तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा कृषि विज्ञान केंद्रात तपासून घ्यावा. सामू, क्षारता, एकूण कठीणपणा व बायकार्बोनेट एवढ्या बाबी पुरेशा आहेत. डिस्कससाठी पाणी पुढीलप्रमाणे असावे :

तापमान : २८ ते ३० अंश सेल्सिअस
सामू : ६ ते ७.२
एकूण कठीणपणा : ५० ते १५० मि.ग्रॅ. प्रति लिटर
अमोनिया : शून्य
नायट्राइट : शून्य
नायट्रेट : २० मि.ग्रॅ. प्रति लिटरपेक्षा कमी

पेटीत वाढलेले मासे साडेसात सामूच्या पाण्यातही राहतात, परंतु तो स्थिर हवा. रोज बदलणाऱ्या ६.५ पेक्षा स्थिर ७.५ सामू बरा.

काळ्या पाषाणाच्या प्रदेशात बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ३०० मि.ग्रॅ.च्या वर जाणे नवलाचे नाही. असे पाणी हलके करण्यासाठी त्यात आर.ओ.चे किंवा पावसाचे पाणी मिसळावे. हिशेब सोपा आहे. समजा बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ४०० मि.ग्रॅ. आहे आणि आपल्याला १०० हवा आहे, तर एक भाग बोअरचे पाणी व तीन भाग पावसाचे पाणी घ्यावे. पावसाचे पाणी पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर स्वच्छ स्लॅबवरून धरावे. गंजलेल्या किंवा सिमेंटच्या जुन्या पत्र्यावरून धरू नये. ते झाकलेल्या टाकीत अंधारात साठवावे.

निव्वळ आर.ओ.चे पाणी मात्र वापरू नये. नत्रीकरणात आम्ल तयार होते. ते शोषून घेणारे बायकार्बोनेट पाण्यात अजिबात नसल्यास सामू एका रात्रीत घसरतो आणि जीवाणूंचे कामही थांबते.

सामू उतरविण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या आम्लाच्या थेंबांच्या मागे लागू नये. ठिबकच्या नळ्या साफ करताना जड पाण्याला किती आम्ल लागते, हे आपण पाहतोच. पेटीतही पाण्यातील बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकते व दुसऱ्या दिवशी सामू परत चढतो. हा चढउतार माशाला जड पाण्यापेक्षाही बाधतो. पाणी आधी हलके केल्यास मात्र जंगली बदामाची वाळलेली तीन-चार पाने टाकून सामू थोडा उतरतो व पाण्याला मुळासारखा तांबूस रंग येतो.

नगरपालिकेचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन काढणे आवश्यक आहे. पाणी उघड्या टाकीत हवा सोडून २४ तास ठेवावे, अथवा १०० लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात सोडियम थायोसल्फेट टाकावे.

माशांशिवाय पाणी पिकविणे

१. पेटी भरून गाळण्या व हीटर चालू करावेत. या महिन्यात बोअरचे जड पाणीच बरे, कारण त्यातील बायकार्बोनेट जीवाणूंना उपयोगी पडते.

२. अमोनियाचा पुरवठा करण्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरावे. ३०० लिटर पाण्यास २ ग्रॅम टाकल्यास अमोनियाचे प्रमाण प्रति लिटर सुमारे २ मि.ग्रॅ. होते. कल्हईवाल्याकडील नवसागर हे रसायन म्हणून तेच असले तरी ते अशुद्ध असते, ते वापरू नये. खताच्या पोत्यातील युरिया किंवा अमोनियम सल्फेटही टाकू नये.

३. ओळखीच्या निरोगी पेटीतील जुना स्पंज मिळाल्यास तो नव्या पेटीत पिळावा. दह्याला विरजण लागते तसे हे विरजण होय. यामुळे एक-दोन आठवडे वाचतात.

४. दर दोन दिवसांनी तपासणी संचाने अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया उतरतो व नायट्राइट चढते; नंतर नायट्राइट उतरते व नायट्रेट दिसू लागते. अमोनिया शून्य झाला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी.

५. दिलेली मात्रा २४ तासांत संपून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले म्हणजे पेटी तयार झाली. मासे आणेपर्यंत मात्रा चालू ठेवावी, अन्यथा जीवाणू उपाशी मरतात.

६. मासे आणण्यापूर्वी पेटीतील बहुतेक पाणी दोन टप्प्यांत काढून वर सांगितलेले मिश्र पाणी भरावे.

मासे आणणे

सहाही मासे एकाच ठिकाणचे, एकाच वेळी व सारख्या आकाराचे घ्यावेत. ६ ते ७ सें.मी. आकाराची पिल्ले योग्य. शरीर गोल, डोळा शरीराच्या मानाने लहान, रंग उजळ आणि कपाळ भरलेले असावे. मोठ्या डोळ्याचा लहान मासा वाढ खुंटलेला समजावा. विक्रेत्यास आपल्यासमोर खाद्य टाकावयास सांगावे. न खाणारा मासा घेऊ नये.

पिशवी २० मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी. नंतर तासाभरात थोडे थोडे पेटीचे पाणी पिशवीत घालावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. पहिला दिवस दिवा बंद ठेवावा. पुढे कधी नवा मासा आणल्यास तो चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवूनच मिसळावा. गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि एंजल मासा खाद्यात पुढे पुढे करतो व रोगही आणतो; म्हणून हे दोन्ही डिस्कससोबत ठेवू नयेत.

रोजची निगा

लहान माशांस दिवसातून चार-पाच वेळा व मोठ्यांस दोन-तीन वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दाणेदार खाद्यासोबत सोललेली कोळंबी बारीक करून देता येते. गटारातून गोळा केलेले जिवंत किडे देऊ नयेत. त्यांतून रोग येतात.

आठवड्यातून दोनदा २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. नव्या पाण्याचे तापमान पेटीतील पाण्याइतकेच असावे. पाणी उपसण्यापूर्वी हीटर बंद करावा, कारण उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. उपसलेल्या पाण्यात नायट्रेट असते. ते तुळस, कढीपत्ता किंवा परसबागेतील भाजीला घालावे. औषध वा मीठ टाकलेले पाणी मात्र झाडांना घालू नये.

मासा काळवंडला, कोपऱ्यात बसला किंवा खाईनासा झाला तर औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी पाणी तपासावे. अमोनिया किंवा नायट्राइट दिसल्यास खाद्य बंद करून निम्मे पाणी लगेच बदलावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. पाणी निर्दोष असूनही मासा खात नसेल आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकत असेल, तर आतड्यातील परजीवींची शक्यता असते. अशा वेळी शिरगाव-रत्नागिरी किंवा नागपूर येथील मत्स्य महाविद्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊनच उपचार करावा.

कंटाळा आला किंवा मासे जास्त झाले म्हणून ते विहिरीत, शेततळ्यात अथवा नदीत सोडू नयेत. पेट्यांतून बाहेर पडलेला परदेशी सकर मासा भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरून मच्छीमारांची जाळी खराब करीत आहे, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

समारोप

शोभिवंत माशांची पैदास हा पुढे जोडधंदा होऊ शकतो. परंतु एक पेटी वर्षभर एकही मासा न गमावता सांभाळल्याशिवाय त्या विचारात पडू नये. पाण्याचा अहवाल, नोंदींची वही आणि सहा आठवड्यांचा धीर या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. पेरणीपूर्वी वाफसा येण्याची वाट आपण पाहतोच. रिकाम्या पेटीसमोर काढलेला महिनाही तसाच समजावा. माझी दुसरी पेटी मी सहा आठवडे माशांशिवाय चालविली. घरच्यांनी थट्टा केली, शेजाऱ्यांनी विचारले की यात मासे कुठे आहेत. त्या पेटीतील सहाही मासे पुढे वाढले आणि त्यांतील एका जोडीने पिल्ले अंगावर वाढविली.